मारहाणीची मोजदाद

जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं जिनीव्हाहून स्त्रियांचें आरोग्य व त्यांच्यावर घरांत होणारा अत्याचार या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. क्लॉडिया गार्सिया-मोरेनो, हेन्रिका यान्सेन, मेरी एल्सबर्ग, लोरी हाइझे व शार्लट वॉट्स या पांच विदुषींनीं तो सिद्ध केला आहे. कोष्टकांनीं भरलेला असा अहवाल वाङ्मयाच्या परीक्षकानें हातीं घेण्याचें कारण काय, असा आक्षेप आमचे कांहीं वाचक घेतील. आमचें उत्तर असें कीं, या ग्रंथाचें खरें बळ त्यांतील आंकड्यांपेक्षां प्रश्नांच्या शब्दरचनेंत आहे, आणि शब्दरचनेचा विचार करणें हा तर परीक्षकाचा धर्मच होय.

ग्रंथाचा विस्तार मोठा आहे. २००० ते २००३ या काळांत बांगलादेश, ब्राझील, इथिओपिया, जपान, नामिबिया, पेरू, सामोआ, सर्बिया-माँटेनेग्रो, टांझानिया व थायलंड या दहा देशांतील १५ ठिकाणीं २४,००० हून अधिक स्त्रियांची भेट घेण्यांत आली. ज्यांना कधीं ना कधीं पति अथवा सहचर होता, त्यांपैकीं किती जणींस त्याच्याकडून मारहाण वा शरीरसंबंधाची बळजबरी सोसावी लागली, हें पाहिलें असतां जपानांतील शहरीं शेंकडा १५ व इथिओपियाच्या प्रांतांत शेंकडा ७१ असें प्रमाण निघालें. बहुतेक ठिकाणचे आंकडे २९ व ६२ यांच्या दरम्यान आहेत. दोन टोकांचे आंकडे तेवढे उचलून एका राष्ट्रास सुसंस्कृत व दुसऱ्यास रानटी ठरविण्याचा मोह वाचकास होईल. तो त्यानें आवरावा. असा आंकडा कसा तयार होतो तें आधीं पाहिलें पाहिजे.

“तुमच्यावर अत्याचार झाला काय?” असा प्रश्न या प्रश्नावलींत नाहीं. थप्पड मारली काय, दुखापत होईल अशी वस्तु अंगावर फेकली काय, ढकललें काय, बुक्का मारला काय, लाथ मारली वा फरफटत नेलें काय, गळा दाबला वा मुद्दाम भाजलें काय, असे एकेका कृत्याचे प्रश्न विचारले आहेत. ही युक्ति दिसावयास साधी आहे, परंतु तिच्यामागें मनुष्यस्वभावाचें सूक्ष्म ज्ञान आहे. आमच्याकडील एखाद्या गृहिणीस अत्याचाराविषयीं विचारा. ती “छे, तसें कांहीं नाहीं” असें म्हणेल, आणि तें खोटें बोलत आहे असें तिला वाटणारही नाहीं. रागाच्या भरांत कधीं हात उचलतात, एवढेंच ती कबूल करील. ‘हात उचलणें’ या आमच्या वाक्प्रचाराची गंमत अशी कीं, त्यांत हात वर जातो तेवढा दिसतो, खालीं आलेला दिसत नाहीं. प्रश्नकर्त्रीनें तो खालीं आलेला हात विचारला पाहिजे, आणि या अहवालानें नेमकें तेंच केलें आहे.

प्रश्नाइतकीच काळजी प्रसंगाची घेतलेली आहे. गांवांत या पाहणीचें नांव ‘स्त्रियांचें आरोग्य व जीवनांतील अनुभव’ असें सांगण्यांत येई. एका घरांतील एकाच स्त्रीची भेट घ्यावयाची; विचारणारी स्त्रीच असावयाची, व तिला तीन आठवड्यांचें शिक्षण दिलेलें असावयाचें; दोन वर्षांवरील मूलसुद्धां जवळ नको. मध्येंच सासू किंवा नवरा डोकावला तर विचारणारीनें तो विषय तेथेंच सोडून दुसऱ्या निरुपद्रवी प्रश्नांकडे वळावें, असा नियम होता. कारण उघड आहे: मार खाल्ल्याची गोष्ट परक्यास सांगितली, एवढ्यावरूनच पुन्हा मार मिळावयाचा.

या सर्व व्यवस्थेंत आमच्या मनांत विशेष ठसली ती एक लहानशी चिठ्ठी. पंधराव्या वर्षापूर्वीं कोणी वाईट हेतूनें अंगास स्पर्श केला काय, हा प्रश्न तोंडीं विचारल्यानंतर मुलाखतीच्या शेवटीं तोच पुन्हा दुसऱ्या रीतीनें विचारला जाई. चिठ्ठीवर दोन चेहरे काढलेले असत, एक हंसरा व एक रडका. लिहितां न येणाऱ्या स्त्रीनेंही त्यांपैकीं एकाखालीं खूण करावी आणि चिठ्ठी पाकिटांत बंद करून द्यावी. बहुतेक ठिकाणीं तोंडीं मिळालेल्या होकारांपेक्षां रडक्या चेहऱ्याखालील खुणा अधिक भरल्या. तासभर विश्वासानें बोललेल्या स्त्रीपाशींही जें उच्चारवलें नाहीं, तें कागदाच्या तुकड्यावर उतरलें. बांगलादेशांत तर पतीकडून मार खाल्लेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ६६ जणींनीं ती गोष्ट त्यापूर्वीं कोणासही सांगितली नव्हती.

विचारण्याच्या रीतीवर आंकडा किती अवलंबून असतो, याचें याहून ठळक उदाहरण निकाराग्वा देशाचें आहे. तेथें चार वर्षांच्या आंत तीन पाहण्या झाल्या. स्त्रियांवरील अत्याचारासाठींच योजिलेल्या दोन पाहण्यांत मारहाणीचें प्रमाण लेऑन येथें शेंकडा ५२ व मानाग्वा येथें शेंकडा ६९ निघालें. उलट लोकसंख्या व आरोग्य यांच्या सर्वसाधारण राष्ट्रीय पाहणींत तें शेंकडा २८ च भरलें. शहर व खेडें यांतला फरक जमेस धरला तरी एवढें अंतर भरून निघत नाहीं. एल्सबर्गबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं या तिहींची तुलना करून, मुलाखतीची गुप्तता व विचारणारीची तयारी यांवर बोट ठेवलें. यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, या विषयांत लहान आंकडा पाहून लगेच समाधान मानूं नये.

आतां दोषांकडे वळूं. मार खाल्लेल्या स्त्रियांत चालण्यास त्रास, वेदना, चक्कर, विस्मरण व जीव देण्याचे विचार अधिक आढळले, असें अहवाल सांगतो. तें खरें मानूं. पण एकाच वेळीं घेतलेल्या मुलाखतींवरून कोणतें कारण व कोणतें कार्य याचा निकाल लागत नाहीं, हें लेखिका स्वतःच मान्य करतात. त्याबद्दल त्यांस दोष देतां येत नाहीं. आमचा आक्षेप भाषेवर आहे. अहवालांतील स्त्रिया अत्याचार ‘अनुभवतात’; करणारा बहुधा वाक्याबाहेर उभा असतो. आमची मराठी याबाबतींत मुळींच निर्दोष नाहीं. ‘मार बसला’ म्हणतांना मार आपोआप येऊन बसतो, आणि ‘तिनें मार खाल्ला’ म्हणतांना तर मारली गेलेलीच वाक्याची कर्त्री होते! गर्भारपणांतील मारहाणीच्या प्रकरणांत मात्र पडदा दूर होतो. असा मार खाल्लेल्या स्त्रिया जपानांतील शहरीं शेंकडा १ तर पेरूच्या प्रांतांत शेंकडा २८ निघाल्या. आणि सर्व ठिकाणीं मारणारा पुरुष शेंकडा ९० हून अधिक वेळां त्या पोटांतल्या मुलाचाच बाप होता. असें वाक्य या ग्रंथांत अधिक वेळां यावयास हवें होतें. पुरुषांची साक्षच या अहवालांत नाहीं. ती उणीव २०१३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या एका अभ्यासानें कांहीं अंशीं भरून काढली. त्यांत आशिया व पॅसिफिक भागांतील सहा देशांतल्या १०,००० हून अधिक पुरुषांनीं आपल्या कृत्यांविषयींच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं.

मुलांची स्थिति याहून विलक्षण आहे. आईच्या तोंडून त्यांचीं दुःस्वप्नें व अंथरूण ओलें करणें विचारलें गेलें. मूल स्वतः कोठेंच बोलत नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांत मुलांची साक्ष प्रथम त्यांच्या हाडांनीं दिली आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत जॉन कॅफी यांनीं सहा तान्ह्या मुलांच्या डोक्यांतील रक्तस्राव व मोडलेलीं हाडें यांचें वर्णन केलें. मोडण्याचें कारण कोणी सांगेना. एका ठिकाणीं त्यांस आईबापांची शंका आली, पण तेवढ्यावर निर्णय देण्याचें त्यांनीं टाळलें. तो निर्णय यावयास १९६२ साल उजाडलें. त्या वर्षीं हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७१ रुग्णालयांतून ३०२ मुलें मोजलीं. त्यांतलीं ३३ दगावलीं होतीं व ८५ जणांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. सोळा वर्षें त्या छायाचित्रांतलीं हाडें तींच होतीं. आईबापांचें नांव घेण्याचें धैर्य तेवढें नव्हतें.

जिनीव्हाच्या दहा देशांत हिंदुस्थान नाहीं. आमच्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हे प्रश्न विचारते, आणि तीही घरांतील एकाच स्त्रीस व एकांतांत, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. २००५–०६ सालीं पतीच्या अत्याचाराचें प्रमाण विवाहितांत शेंकडा ३७ होतें. २०१९–२१ मध्यें, १८ ते ४९ या वयांत, तें शेंकडा २९ वर आलें. ही उतार खरी असेल तर आम्हांस आनंदच आहे. परंतु ही पाहणी लशी, बाळंतपणें, पोषण व इतर अनेक विषयांच्या लांबलचक यादींतून या प्रश्नापर्यंत पोंचते. निकाराग्वाचे तीन आंकडे शेजारीं ठेवल्यावांचून ‘आमची सुधारणा झाली’ असें लिहिण्याची घाई आमच्या लेखकांनीं करूं नये.

आणि मोजून पुढें काय, या प्रश्नास मुंबईनें एक उत्तर दिलें आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘सेहत’ ही संशोधनसंस्था व महानगरपालिका यांनीं मिळून २००० सालीं मार खाल्लेल्या स्त्रियांसाठीं एक केंद्र स्थापिलें. पोलीसचौकीची पायरी न चढणारी बाईही जखमेस टांके घालून घ्यावयास दवाखान्यांत येते, आणि ‘मोरींत घसरून पडलें’ असें सांगते. तेथेंच तिला आडोशाला बसवून नीट विचारावें, ही ती कल्पना. या केंद्राचें नांव ‘दिलासा’. त्या नांवांत मारहाणीचा उल्लेख कोठेंच नाहीं, आणि जिनीव्हाच्या प्रश्नावलीनेंही गांवांत शिरतांना आपलें खरें नांव असेंच झांकून घेतलें होतें.