‘मागेल त्याला’ : एका सरकारी शब्दप्रयोगाचा प्रवास

महाराष्ट्राच्या सौरऊर्जा धोरणावर लिहिणारे बहुतेक अभ्यासक मेगावॉट मोजतात. शासन ज्या मराठीत शेतकऱ्याशी बोलते, ती मराठी मात्र सहसा कोणी तपासत नाही. २०२४ साली आलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेचे नाव मला त्या दृष्टीने वाचायचे आहे.

‘मागेल त्याला’ ही रचना व्याकरणाच्या अंगाने मोठी उदार आहे. ‘जो’ गाळला आहे, म्हणून कोणीही चालतो. ‘देऊ’ हे क्रियापदही गाळले आहे, म्हणून देणारा दिसत नाही. हे दोन शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात रुजले ते रोजगार हमीमुळे. वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ या घोषणेमागे कलमे उभी होती : अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत काम नाही मिळाले, तर बेकारी भत्ता. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसवला गेला. भत्ता पदरात पाडून घेणे सोपे नव्हते, हे खरे. तरीही मजुरांचे मोर्चे तहसील कचेरीवर जात, ते याचक म्हणून जात नसत. मागणाऱ्याला मुदत ठाऊक होती.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले. पन्नास हजारांपर्यंतचे अनुदान आणि पात्रतेला जमिनीची किमान मर्यादा. म्हणजे जो ‘जो’ गाळला होता तो मागच्या दाराने परत आला, अटींची पिशवी खांद्यावर घेऊन. यापेक्षा जास्त त्याबद्दल इथे सांगायचे नाही.

सौर पंपापाशी मात्र थांबायला हवे. पंपाच्या किमतीतला दहा टक्के वाटा शेतकऱ्याने भरायचा; अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. शेतात पाण्याचा शाश्वत स्रोत हवा, आधीची पारंपरिक वीजजोडणी नको. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत ५ चा, त्यापुढे ७.५ चा. यात एक तरतूद फार बोलकी आहे : पात्रतेपेक्षा लहान पंप मागितला तर तो मिळतो. मोठा मागता येत नाही. मागण्याचे स्वातंत्र्य उरले ते खालच्या दिशेने!

मर्यादा घातल्याबद्दल माझी तक्रार नाही. उन्हावर चालणाऱ्या पंपाला बिल येत नाही, म्हणून उपशाला पैशाचा लगाम राहत नाही. तेव्हा कुठेतरी गाठ मारावीच लागते. आक्षेप असा की ती गाठ एकरांना मारली आहे, विहिरीच्या पाण्याला नाही. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला उपसा अधिक, मग शिवारातली पाणीपातळी काहीही असो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी २०१६ पासून उरलेली वीज जाळ्यात विकू लागली. पाणी न उपसण्यालाही तिथे मोल आले. आपल्या योजनेतला पंप जाळ्याला जोडलेलाच नाही, त्यामुळे उरलेले ऊन वाया जाते किंवा पाणी होऊन बाहेर पडते.

‘हमी’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. पूर्वी ती रोजगाराची होती. या योजनेत ती पाच वर्षांच्या दुरुस्तीची आहे. दुकानदार देतो ती हमी. दुरुस्ती महत्त्वाची नाही असे कोण म्हणेल? पण पूर्वी हमी मागणारा नागरिक होता, आता ग्राहक आहे, आणि तोही अनुदानित. योजनेचा आधार शासन निर्णय आहे. एक शासन निर्णय दुसऱ्याने बदलता येतो. कायदा बदलायला विधिमंडळात जावे लागते.

त्याच वर्षी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. बांधाच्या अलीकडे जुन्या जोडणीवर बिल शून्य, पलीकडे जोडणीची वाट पाहून थकलेला शेतकरी सौर पंपासाठी दहा टक्के भरतो आहे. दोन्ही योजनांची नावे वेगवेगळी वाचली तर गोड लागतात. शेजारी शेजारी ठेवली की दुसरा शेतकरी विचारणारच, मी नेमके काय मागितले होते?

त्याने मागितली होती दिवसाची लाईट. आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, हे चक्र महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी भोगले आहे. रात्री पाणी धरायला जाताना साप, विंचू, बिबट्या यांची भीती कोणत्याही शासन निर्णयाच्या प्रस्तावनेपेक्षा जुनी. या मागणीला २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अधिक सरळ भिडते. ती उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून अख्ख्या वाहिनीला दिवसा वीज देऊ पाहते. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत जमीनमालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. ‘वाहिनी’ हा शब्द कचेरीतला. गावात तिला फिडरच म्हणतात. या योजनेच्या नावात मागणारा कोणीच नाही, आणि मला तेच तिचे बलस्थान वाटते : फिडरवरच्या कोणालाही एकट्याने अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही.

‘मागेल त्याला’ हे शब्द शासनाला ठेवायचेच असतील, तर पुढच्या शासन निर्णयात त्यांच्यामागे दोन गोष्टी लिहाव्यात : पैसे भरल्यापासून किती दिवसांत पंप बसेल, आणि न बसल्यास शेतकऱ्याला रोज किती भरपाई मिळेल.