'लाइफ बिटवीन बिल्डिंग्ज' आणि महामार्गावरील बाजारगाव : एक चिकित्सा

रस्ता हा केवळ वाहनमार्ग नसून लोकजीवनाचे स्थान आहे, ही भूमिका डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी 'लाइफ बिटवीन बिल्डिंग्ज' या ग्रंथात मांडली. मूळ डॅनिश ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्यातील मध्यवर्ती निकषाची चिकित्सा केली आहे.

सार्वजनिक जागेतील व्यवहारांचे गेल तीन प्रकार करतात : आवश्यक, ऐच्छिक आणि सामाजिक. कामावर जाणे, बसची वाट पाहणे हे आवश्यक व्यवहार जागा कशीही असली तरी घडतात. फेरफटका मारणे, उन्हात बसणे हे ऐच्छिक व्यवहार मात्र जागा चांगली असेल तरच घडतात. या दोहोंतून सामाजिक व्यवहार निर्माण होतात. साहजिकच जागेचा दर्जा ऐच्छिक व्यवहारांवरून ओळखला जातो. १९६२ मध्ये वाहनमुक्त झालेल्या कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्यास हा निकष चपखल लागू पडतो.

बीड तालुक्यातील, सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळ्यास तो लावताच त्याची मर्यादा स्पष्ट होते. आसपासच्या खेड्यांतील माणूस अशा गावी फिरावयास येत नाही. तो बाजार, बी-बियाणे, औषधपाणी व एसटीसाठी येतो. सोयरिकीची बोलणी आणि उधारीचा हिशेबही त्याच खेपेत उरकतो. येथे केवळ ऐच्छिक व्यवहार मोजले, तर बाजाराचे सामाजिक मोल निसटते. केवळ गर्दी मोजली, तर लोकांचे हाल झाकले जातात. शिवाय ग्रंथातील माणूस ऊन शोधतो, मराठवाड्यातील माणूस सावली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ती आवश्यकच आहे. परंतु एसटीची वाट पाहत तासभर ताटकळणाऱ्या वृद्धेचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क महानगरांपुरता सीमित मानता येणार नाही.

तात्पर्य, गेल यांचे वर्गीकरण त्याज्य ठरत नाही. त्यातील अग्रक्रम मात्र बदलावा लागतो. ज्याला रस्त्यावर येण्यावाचून गत्यंतर नाही, त्याला सावली, बैठक, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि महामार्ग निर्धोक ओलांडण्याची सोय मिळते काय, हाच बाजारगावातील रस्त्याच्या दर्जाचा पहिला निकष होय.