मीनेचा आंबा

बालवाङ्मय हा टीकाकारांच्या दृष्टीनें उपेक्षेचा प्रांत आहे. मोठ्यांच्या कादंबरीवर पानेंच्या पानें लिहिणारे आमचे विद्वान् मुलांच्या चित्रपटाकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. परंतु स्त्रीनें काय करावें आणि पुरुषानें काय करूं नये, याविषयींचे आपले बहुतेक ग्रह कादंबरी हातीं येण्यापूर्वींच पक्के झालेले असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या उपेक्षेचें नवल वाटतें. असल्या रूढ समजुतींपलीकडे मुलांना नेऊं पाहणाऱ्या ज्या थोड्या कृती आपल्या भूभागांत निर्माण झाल्या, त्यांत ‘मीना’ या चित्रमालिकेचें स्थान मोठें आहे. तिचा विचार वाङ्मयीन कसोटीवर करावा, असा आमचा हेतु आहे.

१९९१ ते २००० हें दशक सार्क राष्ट्रांनीं बालिकांचें दशक म्हणून पाळलें. त्याच सुमारास युनिसेफनें मीना ही खेड्यांतील मुलगी निर्माण केली आणि तिला पडद्यावर सजीव करण्याच्या कामीं हलत्या चित्रांच्या कलेंतील ज्येष्ठ कलावंत, मुंबईचे राम मोहन, यांचें साह्य घेतलें. मीना, तिचा भाऊ राजू, तान्ही बहीण राणी, आईबाप, आजी आणि मिठू नांवाचा बोलका पोपट, एवढाच परिवार. मीना भारताची कीं बांगला देशाची, नेपाळची कीं पाकिस्तानची, हें तिच्या नांवावरून वा वेषावरून ओळखतां येऊं नये, अशी योजना होती. प्रत्येक देशांतल्या मुलीला ती आपल्याच आळींतली वाटावी, हा त्यांतला उद्देश.

या मालिकेंतील आंब्याच्या वांटणीची गोष्ट आम्हांस सर्वांत सरस वाटते. झाडावरचा आंबा काढते मीना. मोठा वांटा मिळतो राजूला. जेवणांतहि तोच न्याय. मुलगा, म्हणून त्याला अधिक. यापलीकडे कारण कोणास द्यावेंसें वाटत नाहीं. मग एका दिवसापुरती भावंडांच्या कामांची आणि ताटांचीहि अदलाबदल होते. घरकामानें राजूची पुरी दमछाक होते, आणि त्यावर पानांत पडतें तें थोडेंच. भुकेनें जें शिकविलें तें व्याख्यानानें शिकविलें नसतें. विशेष हें कीं, राजूला खलपुरुष केलेलें नाहीं. तो लबाड नाहीं. त्याला कधीं मोजावें लागलें नाहीं, एवढेंच. अन्यायाचा लाभ ज्याला मिळतो तो दुष्टच असला पाहिजे, हा बालवाङ्मयांतील सोपा सिद्धान्त येथें टाळला आहे, यांत कर्त्यांची प्रौढता दिसते.

मोजण्याचीच दुसरी गोष्ट कोंबड्यांची. मीनेला शाळेंत पाठवीत नाहींत. मिठू राजूच्या वर्गांत जाऊन ऐकतो आणि तिला अंक शिकवितो. त्या विद्येनें एक कोंबडी कमी असल्याचें तिच्या ध्यानीं येतें, चोर सांपडतो, आणि बाप तिला शाळेंत घालण्यास राजी होतो. गोष्ट रंजक आहे. पण तिचा तर्क आम्हांस खटकतो. शाळेंत जाण्यासाठीं राजूनें कोणता चोर पकडला होता? मुलाला शिक्षण हक्कानें मिळावें आणि मुलीनें तें कोंबडी वांचवून कमवावें, हा तर सौदा झाला. जिला एकहि चोर सांपडणार नाहीं, त्या सामान्य मुलीनें काय करावें? यावर कोणी म्हणेल कीं, बापाची समजूत घालावयाची तर त्याच्याच हिशेबाच्या भाषेंत बोलावें लागतें. तें खरें, परंतु ती मुत्सद्देगिरी झाली, न्याय नव्हे, आणि पाहणाऱ्या मुलींना हा भेद कळला पाहिजे.

या जागीं स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडग्रेनबाईंची पिप्पी आठवते. १९४५ सालीं ग्रंथरूपानें अवतरलेली ही नऊ वर्षांची मुलगी घोडा उचलते, एकटी राहते, आणि आपण कोणाच्या उपयोगी आहों हें सिद्ध करण्याची तिला गरज भासत नाहीं. परंतु तिची आई वारलेली, बाप समुद्रावर. घर रिकामें आहे म्हणूनच ती स्वतंत्र आहे. मीनेचें घर भरलेलें आहे. आजी, आई, बाप आणि भाऊ यांच्यामध्यें राहून, कोणाचेंहि प्रेम न गमावतां, तिला आंब्याचा अर्धा वांटा मागावयाचा आहे. हें काम घोडा उचलण्याहून अवघड आहे, असें आम्ही समजतों.

येथें एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. आमच्या लहानपणीं आंबा चिरला म्हणजे फोडी आम्हां भावांच्या पानांत पडत आणि कोय थोरल्या बहिणीकडे जाई. तिला कोय आवडते, अशी घरांत सर्वांची समजूत होती. आमचीहि होती, आणि पन्नाशी उलटेपर्यंत ती टिकली. गेल्या उन्हाळ्यांत मीनेची ही गोष्ट आम्हीं ताईबरोबर बसून पाहिली. तिला भरून येईल, असा आमचा अंदाज. ती हंसली आणि म्हणाली, “अरे, वांटणी झाली खरी; पण आईच्या वांट्याला काय आलें, तें कोणी विचारलें का? मला निदान कोय तरी मिळे. आपली आई सालींवर भागवी.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

या कृतीवर याहून मार्मिक टीका आम्ही ऐकलेली नाहीं. अदलाबदल होते ती भावंडांची, आईबापांची नव्हे. मोठ्यांच्या जगाची घडी तशीच राहते. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग कोणता, याची एक खूण २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत दिसली. आई आणि बाबा मिळून भाजी निवडीत बसले आहेत, असें चित्र त्यांत आलें. स्त्री डॉक्टर आणि वाहतुकीचें नियमन करणारी स्त्री पोलीसहि आली. त्या चित्रांत नाट्य नाहीं. कोणी कोणाची समजूत घालीत नाहीं. भाजी निवडणारा बाप पराक्रमी नाहीं आणि हास्यास्पदहि नाहीं. तो नुसता बसला आहे. वाद जिंकण्याहून, वादच उरलेला नाहीं असें दृश्य दाखविणें, हें पुढचें पाऊल होय. मात्र ज्या घरांत बाप अजून भाजीजवळ बसलेला नाहीं, तेथें नुसतें चित्र पाहून मूल पान उलटील. तेथें मीनेचाच वाद उपयोगी पडेल.

म्हणून आईबापांस आमची विनंति एवढीच कीं, ही गोष्ट मुलांना एकट्यानें पाहूं देऊं नये. शेजारीं बसावें, आणि ती संपल्यावर आपल्या घरांतल्या आंब्याची वांटणी कशी होते तें त्यांनाच मोजावयास सांगावें. त्यांचा हिशेब आपल्याला रुचेलच असें नाहीं. ताईचा हिशेब आम्हांसहि रुचला नाहीं. पण तो चुकला आहे, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.