छत्तीस गुण आणि बत्तीस ओहम

मराठी माणूस लग्न जमवताना जेवढी चौकशी करतो, तेवढी वस्तू घेताना करत नाही असा एक समज आहे. हा समज पसरवणाऱ्यांनी माणगावच्या मध्यमवर्गीय माणसाला खरेदी करताना पाहिलेलं नसावं. आम्ही साधा प्रेशर कुकर घ्यायचा तर त्याचं कूळ, गोत्र, शिट्टी आणि आधीच्या तीन घरांतली वर्तणूक तपासतो. मग संगीत ऐकायचं यंत्र घ्यायचं म्हटल्यावर पत्रिका बघणं ओघानंच आलं. आणि इथे तर पत्रिका दोन. एक खिशात ठेवायच्या प्लेअरची, दुसरी कानात घालायच्या इअरफोनची. दोन्ही स्थळं आपापल्या घरी उत्तम असतात; एकत्र आणली की कुरकुर सुरू होते. हा अनुभव तुम्हाला अन्यत्रही आला असेल. तूर्त आपण यंत्रांपुरतंच बोलू.

आता तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातही तो विचारला गेला, आणि तिथे तर चहाच्या आधी विचारला गेला. त्याचं उत्तर ताम्हिणी घाटात आहे. मुलगी पुण्याला शिकते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, म्हणून मी पहाटेची एस.टी. धरून निजामपूर, विळे, ताम्हिणी करत पुण्याला जातो. मोबाइलवरचं गाणं हवेतून येतं आणि घाटात हवा भरपूर असली तरी रेंज नसते. अंतऱ्याला गेलेलं गाणं समेवर यायला मुळशी उजाडतं. बरं, मोबाइल हा मुळात गाण्याचा माणूसच नव्हे. त्याचं लक्ष दहा ठिकाणी. आलाप ऐन रंगात आलेला असताना तो मध्येच ‘टुंग’ करून कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो दाखवतो. बैठकीत तंबोरे लागलेले असताना गर्दीतून वाट काढत पत्रिका वाटणारा एक इसम असतो, तोच हा.

तेव्हा एकच काम करणारं यंत्र हवं. मी स्वतः एकच काम करणारा माणूस असल्यामुळे मला अशा यंत्रांबद्दल आपुलकी आहे.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. मूळ पुरुष सोनीचा वॉकमन. जपानात १ जुलै १९७९ रोजी तो बाजारात आला. किंमत ३३,००० येन. १९९८ साली कोरियातून ‘एमपीमॅन’ नावाचा प्लेअर आला. त्याच्या पोटात ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम आठदहा गाणी. आमच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा बायका त्याहून जास्त गाणी म्हणतात. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलनं आयपॉड काढला. पाच गिगाबाइट, खिशात हजार गाणी! वीस वर्षं राज्य करून मे २०२२ मध्ये कंपनीनं तो बंद केल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात, २०१६ साली, याच कंपनीनं आपल्या आयफोनचं इअरफोन लावायचं भोकच बुजवलं आणि बऱ्याच कंपन्यांनी तिची री ओढली. एवढा तीन पूर्णांक पाच मिलिमीटरचा ऐवज, पण तो गेला तेव्हा काय गेलं ते आम्हां तारवाल्यांना विचारा.

बिनतारी इअरफोन घ्या, असा सल्ला भाच्यानं दिला. “मामा, आता वायर कोण वापरतं?” मी म्हटलं, “महावितरण.” बिनतारीत दोन कानांना दोन बॅटऱ्या, डबीला तिसरी आणि प्लेअरला चौथी. एका गाण्यासाठी चार जीव जगवायचे. त्यात ब्लूटूथवरून पाठवताना आवाज पुन्हा एकदा दाबून, घडी घालून पाठवला जातो. शिवाय एस.टी.च्या खिडकीतून कानातलं एक बोंडूक काळ नदीत पडलं तर दुसऱ्याचं काय करायचं? तारेचं बरं असतं. पडलं तरी लोंबकळतं. नातेवाइकांसारखं.

आता पत्रिकेकडे वळू. प्रत्येक इअरफोनच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. १६ ओहम, ३२ ओहम वगैरे. मोठाल्या डोक्यावरच्या हेडफोनांत तो ३०० पर्यंतही जातो. हा त्या इअरफोनचा रोध, म्हणजे येणाऱ्या विजेला तो किती आढेवेढे घेतो त्याचं माप. प्लेअरलाही स्वतःचा असा एक रोध असतो. तो मात्र खोक्यावर ठळक छापत नाहीत, कारण वरपक्ष कधी आपणहून बोलत नाही. जाणकारांचा ठोकताळा असा की इअरफोनचा रोध प्लेअरच्या रोधाच्या निदान आठपट असावा. ३२ ओहमचा इअरफोन असेल तर प्लेअर ४ ओहमच्या आत हवा. हे गणित चुकलं की काय होतं? काही इअरफोनांचा रोध खालच्या सुरांना एक आणि वरच्या सुरांना दुसराच असतो. प्लेअरचा रोध जास्त असला की तेवढ्याच प्रमाणात आवाजाचा तोल बिघडतो आणि तबल्याचा डग्गा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा तरी वाटतो, नाहीतर मांडीवर येऊन बसतो. आपण मात्र गवयाला नावं ठेवतो.

मला यातला ‘आठ’ फार आवडला. छत्तीस गुणांत सर्वांत जास्त गुण नाडीला, तेही आठच. म्हणजे आमच्या आत्याबाई ज्या गोष्टीसाठी स्थळं परत पाठवत, तीच गोष्ट शेवटी इंजिनिअरांनी मान्य केली म्हणायची.

दुसरा गुण संवेदनशीलतेचा. थोड्या विजेत खूप वाजणारे इअरफोन असतात. ते ताकदवान प्लेअरला जोडले की गाण्यामागे ‘स्स्स’ असा बारीक आवाज येत राहतो, पाऊस यायच्या आधी पत्र्यावर येतो तसा. उलट ३०० ओहमचा दांडगा हेडफोन लहान प्लेअरला जोडला की गाणं विहिरीच्या तळातून येतं. तेव्हा पहिला नियम: आधी इअरफोन ठरवा, मग त्याला साजेसा प्लेअर बघा. दुकानदार नेमकं उलट करतात. पालखी आधी विकतात आणि देव नंतर शोधायला सांगतात.

या यंत्रांवर परीक्षणं लिहिणारा एक स्वतंत्र वर्ग आहे. मी त्यांचं लेखन बरंच वाचलं. ‘या प्लेअरचा आवाज उबदार आहे’, ‘हा किंचित काळोखी आहे’, ‘याचा रंगमंच प्रशस्त आहे’. उबदार म्हणजे खालचे सूर जरा पुढे, काळोखी म्हणजे वरचे सूर जरा मागे, रंगमंच म्हणजे वाद्यं किती लांबरुंद पसरल्यासारखी वाटतात ते. एवढं साधं सांगितलं तर परीक्षकाचं बिऱ्हाड कसं चालायचं? माझी तक्रार त्यांच्या शब्दांबद्दल नाही. गाण्यावर लिहिणारे आपले समीक्षकही गंधाराला ‘ओला’ म्हणतात. तक्रार अशी, की या परीक्षकांच्या वीस पानांत गाणं कुठलं लावलं होतं ते एका ओळीत असतं आणि गवई कसा गायला ते कुठेच नसतं. जेवणावळीवर लेख लिहावा आणि त्यात पत्रावळीच्या टाक्यांचंच वर्णन असावं, तसं.

मग येतो ‘हाय-रेझ’चा सोनेरी शिक्का. हा शिक्का लावायचा तर यंत्रानं ४०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवायला हवेत. माणसाचा कान तरुणपणी, तब्येत उत्तम असताना, २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर वरचं एकेक कौल गळत जातं. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला पंधरासोळा हजारांच्या वर शांतताच असते. उरलेले सूर ऐकायला घरात वटवाघूळ पाळावं लागेल.

आता हिशेब. बी.कॉम.चा उपयोग आयुष्यात एवढाच झाला. साधी एमपीथ्री मिनिटाला साधारण एक मेगाबाइट खाते. सीडीच्या दर्जाचं, काही न गाळलेलं संगीत मिनिटाला दहा. एफएलएसी पद्धतीनं बांधलं की त्याचं ओझं निम्म्याच्या आसपास येतं आणि एकही कण सांडत नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या थाटाची फाइल न बांधता ठेवली तर मिनिटाला ६९ मेगाबाइट. म्हणजे ७८च्या जुन्या तबकडीवरचं तीन मिनिटांचं नाट्यपद ठेवायला दोनशेच्या वर! त्या तबकडीत मुळात वरचे सूर फारसे उतरलेच नव्हते. शंभराची नोट जरीच्या पाकिटात घातली तरी आमच्या काउंटरवर ती शंभरालाच घेतात. तेव्हा दुसरा नियम: पैसे पाकिटावर नव्हे, नोटेवर खर्च करा. मूळ ध्वनिमुद्रण चांगलं शोधा.

एका ५१२ गिगाबाइटच्या कार्डावर सीडी दर्जाची वीसेक हजार गाणी मावतात. गाणं चार मिनिटांचं धरलं तर ८०,००० मिनिटं. मला ऐकायला रोज अर्धा तास मिळतो, म्हणजे सगळं एकदा ऐकून व्हायला सात वर्षं आणि चार महिने. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा लोकांना आठवड्याला एक नवं गाणं मिळत होतं, आणि तेवढ्यावर छप्पन्न गाणी घराघरांत पाठ झाली. जागा कमी होती म्हणून मन लावून ऐकत होते की मन होतं म्हणून जागा पुरत होती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

एक गंभीर मुद्दा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलनं आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. आतल्या कानात ज्या केसाळ पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत; इथे मुदतवाढ नाही, पुनर्गठन नाही, कर्जमाफी नाही. आणि एस.टी.त आपण आवाज का वाढवतो? गाणं ऐकायला नव्हे, खिडक्यांचा खडखडाट दाबायला. म्हणून कानात घट्ट बसणारी रबरी टोपी हीच खरी चैन. ती कानाच्या मापाची मिळाली की बाहेरची एस.टी. बाहेर राहते आणि आवाज खालीच ठेवता येतो. लाखाच्या वर किमतीचे कोरियन प्लेअर आहेत. ते सैल टोपीतून ऐकलेत तर त्यातला निम्मा लाख हवेत जातो.

तिसरा नियम बटणांचा. हल्लीच्या प्लेअरांना गुळगुळीत काच असते. थांबवायचं तर खिशातून काढा, जागा करा, बोटानं सरकवा, मग थांबवा. आमच्या घरी आई आहे. रात्री तिला पाणी हवं असतं, कधी उठून जायचं असतं, आणि तिची हाक मुळात हळू. अंधारात अंगठ्याला सापडेल असं बटण ज्या यंत्राला नाही ते मी ऐकून न घेताच नापास केलं. ‘रंगमंच’ कितीही प्रशस्त असो, विंगेतून आईची हाक येते ती ऐकू आली पाहिजे.

आणि इथेच मला त्या मूळ वॉकमनचा मोठेपणा कळला. १९७९च्या त्या डब्याला इअरफोनची भोकं दोन होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि एका छोट्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात त्याचं कारण लिहिलं आहे. नमुन्याचं यंत्र घरी नेऊन ते ऐकत बसले, तेव्हा बायको वैतागली. आपल्याला बाहेर ठेवलंय असं तिला वाटलं. झालं! दुसरं भोक पाडायचं ठरलं. पुढच्या मॉडेलांत ते बटणही गेलं आणि दुसरं भोकही. लोकांना एकट्यानंच ऐकायचं होतं. मोरितांच्या बायकोला जे एका संध्याकाळी कळलं, ते कळूनही जगानं चाळीस वर्षं कानात बोळे घातले.

माझा निकाल असा: लहान, मध्यम किमतीचा, बाजूला खरीखुरी बटणं असलेला, कार्ड बदलता येणारा आणि दोन ओहमच्या आतला प्लेअर. ३२ ओहमच्या इअरफोनला चार चालतात असं मीच वर लिहिलं, मग दोन का? कारण मी सोबत एक दुतोंडी जोडणी घेतली आहे, चहाफराळाच्या किमतीत मिळते. तिला ३२-३२ ओहमचे दोन इअरफोन लावले की एकूण रोध १६ होतो, आणि सोळाचा आठवा हिस्सा दोन. दोघंजण एकाच ठिकाणी जोडले गेले की एकूण विरोध निम्म्यावर येतो, हे भौतिकशास्त्र मी हिला समजावून सांगितलं.

“अहो,” ही दुसरा इअरफोन कानात घालत म्हणाली, “ते तुमच्या तारेचं झालं. आधी तो आवाज कमी करा.”