बुडालेल्या जहाजाची डागडुजी

'असे झाले असते तर?' हा खेळ आपल्याला नवा नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना पोरे तो रोज खेळतात. आणि जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहून तो थोरामोठ्यांनाही खेळायला लावला. विश्वासरावांना गोळी लागली नाही, कानाजवळून निसटली, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकाचा हिशेब ते पुढे चोख मांडतात. असल्या लेखनाला माझा प्रश्न एकच असतो. इतिहास बदललात, ठीक; त्याचे मोल कोणी भरले?

हाच प्रश्न आज मला एका जपानी चित्रमालिकेला विचारायचा आहे. 'अवकाश युद्धनौका यामातो' ही ती मालिका. ६ ऑक्टोबर १९७४ पासून ती जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली जाऊ लागली. योशिनोबू निशिझाकी तिचे निर्माते आणि लेइजी मात्सुमोतो तिचे चित्रकार-दिग्दर्शक. पहिल्या फेरीत तिला फारसा प्रेक्षक मिळाला नाही, सव्वीस भागांतच ती आटोपावी लागली. पुढे १९७७ मध्ये तिचाच चित्रपट झाला तेव्हा मात्र लोक त्यावर तुटून पडले.

गोष्ट अशी आहे. साल २१९९. गामिलास नावाच्या परग्रहावरच्या शत्रूने उल्काबाँब टाकून पृथ्वी भाजून काढली आहे. समुद्र आटले आहेत, माणसे भूगर्भात राहतात, आणि वर्षभरात सारे संपणार आहे. दूरच्या इस्कंदारची राणी एका नव्या यंत्राचा आराखडा धाडते: या, विष धुऊन काढण्याचे साधन घेऊन जा. अंतर एक लाख अठ्ठेचाळीस हजार प्रकाशवर्षे! एवढ्या प्रवासाला नौका कोणती? तर आटलेल्या समुद्राच्या तळाशी गंजत पडलेली जुनी यामातो. तिच्याच सांगाड्यात गुपचूप नवे जहाज उभे केले जाते.

आता खरी यामातो. डिसेंबर १९४१ मध्ये ती आरमारात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, भरलेल्या जहाजाचे वजन बहात्तर हजार टनांवर, आणि ४६ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा. एवढ्या मोठ्या तोफा ती आणि तिच्या जोडीची नौका सोडून दुसऱ्या कुठल्याच युद्धनौकेवर कधी चढल्या नाहीत. पण जगातल्या त्या सर्वांत मोठ्या तोफा शत्रूच्या जहाजांवर चालल्या एकदाच, ऑक्टोबर १९४४ मध्ये सामारच्या समुद्रात. जोडीची मुसाशी त्याच महिन्यात विमानांनी बुडवली. तिसरी शिनानो विमानवाहू करून घेतली, तर नोव्हेंबरात पाणबुडीने तिचा निकाल लावला. ७ एप्रिल १९४५ रोजी यामातो एक क्रूझर आणि आठ विनाशिका बरोबर घेऊन ओकिनावाकडे निघाली होती. डोक्यावर स्वतःचे एकही विमान नाही. अमेरिकन विमानांनी दोन तासांत तिला बुडवले. सुमारे तीन हजार माणसे गेली.

ही तीन हजार माणसे या मालिकेच्या पायाखाली आहेत, आणि माझी पहिली अडचण तिथेच आहे. पराभूत राष्ट्राने आपले बुडालेले जहाज वर काढून त्याला पुन्हा रणात धाडावे, यात दुःखापेक्षा हट्टच जास्त नाही काय? विमानांपुढे बोटीवरच्या तोफा निकामी झाल्या, हा १९४५ चा धडा. मालिका तो पुसून टाकते. अवकाशात त्याच तोफा पुन्हा गर्जू लागतात. इंद्रधनू तारकापुंजाजवळच्या लढाईत सेनापती डोमेल आपल्या विमानवाहू नौकांवरून यामातोवर विमाने सोडतो. हा हुबेहूब ७ एप्रिलच आहे, फक्त निकाल उलटा. असल्या जागी मी लेखकाचा कान धरतो. शिवाय एका भागात नौकेच्या ठिकऱ्या उडाव्यात आणि पुढच्या भागात ती पुन्हा कोरी करकरीत दिसावी, हे तर आमच्या सातवीच्या मुलांनाही खपणार नाही.

पण डागडुजीचा एक तपशील मला फार आवडला. खऱ्या यामातोच्या नाळेवर सम्राटाचे सोन्याचे शेवंतीचे फूल होते. नव्या नौकेत त्या जागी फूल नाही. तिथे एका प्रचंड तोफेचे तोंड उघडे आहे. ही तोफ डागली की नौकेची सारी शक्ती आटते आणि काही काळ ती लुळी पडते. येथे मोल भरले जाते! गुरूजवळचा तरंगता खंड त्या तोफेने एका फटक्यात नाहीसा होतो तेव्हा खलाशांच्या चेहऱ्यांवर आनंदापेक्षा धसका दिसतो. आणि शेवटी गामिलास बेचिराख झाल्यावर तरुण कोदाई हमसून रडतो. आम्ही लढायला नको होते, प्रेम करायला हवे होते, असे तो म्हणतो. विजयोत्सव नाही. ज्या मालिकेवर मी हट्टाचा आरोप केला, तिनेच ही जागा लिहिली आहे. तेव्हा आरोप मागे घेत नाही, पण शिक्षा अर्धी करतो.

जुनी नौका नवी करणे ही कवीची लहर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जपानची कोंगो इंग्लंडात बॅरो येथे बांधली आणि १९१३ मध्ये पुरी झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिची दोनदा पुनर्रचना झाली आणि ती ताशी तीस सागरी मैल धावू लागली. अमेरिकेची मिसुरी तर याहून बोलकी. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली ती तिच्याच डेकवर. १९८६ मध्ये ती टोमाहॉक क्षेपणास्त्रे घेऊन पुन्हा सेवेत आली आणि १९९१ च्या आखाती युद्धात तिने माराही केला. जिंकणाऱ्याच्या जहाजाची डागडुजी गोदीत झाली, हरणाऱ्याच्या जहाजाची कागदावर.

आणि खरे जहाज? १९८५ च्या शोधात त्याची ओळख पटली, ती नाळेवरच्या त्या फुलावरून. यामातो दोन तुकडे होऊन पडली आहे. चित्रमालिकेतली अखंड नौका त्यानंतर पटणे कठीण. म्हणूनच की काय, २०१२-१३ च्या नव्या आवृत्तीत लेखकांनी कथा फिरवली: तळावरचा सांगाडा हा केवळ देखावा, आतली नौका मुळापासून नवी. तर्काला हे अधिक पटते. पण गंजलेले पत्रे गळून पडतात आणि आतून चकचकीत यंत्र निघते, तेव्हा मला त्या जुन्या लोखंडाची आठवण येत राहिली; १९७४ च्या नौकेला निदान तिच्या मेलेल्या माणसांचा वास होता.