दुसरी टेप

पहिल्या बोनसमधून मी महागडा डॅक आणि हेडफोन घेतले, तेव्हा चांगला आवाज म्हणजे मोठा आकडा अशी माझी समजूत होती. 24 बिट, 192 किलोहर्ट्झ वगैरे. मग एकदा रूममेटने एकाच मास्टरवरून केलेली एमपीथ्री आणि ही भारी फाइल, नावं लपवून 16 वेळा ऐकवली. माझी 9 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

पण मायल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या माझ्याकडच्या दोन प्रतींमधला फरक मला लगेच कळतो. तिथे मूळ टेपच वेगळी आहे. 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतात. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना अशा चढ्या सुरात छापल्या गेल्या. आपल्या बैठकीत तबलजीने एव्हाना हातोडी उचलली असती. इथे सोबत वाजवून शिकणारे तीस वर्षं आपलंच वाद्य पिरगाळत बसले. शेजारच्या बॅकअप यंत्रावरची टेप मात्र योग्य वेगाची होती. ती वापरून 1992मध्ये चूक दुरुस्त झाली. मायल्स आदल्याच वर्षी गेला होता.

हा स्टुडिओ पूर्वी चर्च होता, छत प्रचंड उंच. 'सो व्हॉट'मध्ये मायल्सचा सोलो सुरू होताना जिमी कॉब झांजेवर जो आघात करतो, तो विरत जाताना ऐका. दुरुस्त प्रतीत तो जरा सावकाश विरतो. माझ्या मते अख्ख्या अल्बमची किंमत त्या काही सेकंदांत आहे, आणि ती एमपीथ्रीतही शाबूत राहते.

ग्लेन गूल्डने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' 1955मध्ये आणि पुन्हा 1981मध्ये याच जागी ध्वनिमुद्रित केली. दुसऱ्या वेळी तंत्र डिजिटल होतं, तेव्हा अगदी नवं. शेजारी अ‍ॅनालॉग टेपही फिरत होती. 2002मध्ये तिच्यावरून नवी आवृत्ती निघाली आणि पियानो उबदार झाला. तरी इथे मी अडखळतो. यंत्र हळू चालणं हा अपघात होता. 1982मध्ये गूल्ड असताना बाजारात आली ती डिजिटल आवृत्ती. मैफली सोडून स्टुडिओवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाचा अल्बम त्याच्यामागे मऊ करायचा का? मी तरी टणक आवृत्तीच लावतो. गुणगुणणं दोन्हींत आहे.

रॉकमध्ये प्रकरण आणखी मजेशीर. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'चा (2008) आवाज इतका दाबून वाढवलाय की ड्रमचा ठोका भिंतीवर आपटून सपाट होतो. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी वेगळ्या, कमी दाबलेल्या ट्रॅक्सवरून गेली होती. चाहत्यांनी ती गेममधून काढून घेतली. इथे मात्र मला काहीच प्रश्न पडत नाही. बँडने मान्य केलेली सीडी माझ्याकडे आहे, वाजते ती गेमवाली.

हे गूल्डवाल्या मुद्द्याशी विसंगत आहे, असं रूममेट म्हणतो. आहेच.