राष्ट्रगीताचा प्रश्न : ग्वांग्जूचे हत्याकांड, न्यायालय आणि एक कादंबरी

हान कांग यांच्या 'सोन्योनी ओन्दा' (२०१४) या कोरियन कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात दोंग-हो हा शाळकरी मुलगा प्रेतांची नोंद ठेवण्याचे काम करतो. हरवलेल्या मित्राला शोधायला तो आलेला असतो आणि तेथेच राहतो. ओळख पटलेल्या प्रेतांच्या पेट्यांवर राष्ट्रध्वज पसरला जातो आणि नातेवाईक राष्ट्रगीत म्हणतात. मुलाला याचा उलगडा होत नाही. सैनिकांनीच ज्यांना मारले, त्यांच्यासाठी राष्ट्रगीत का म्हणायचे? राष्ट्राने त्यांना मारलेच नाही, असे भासवायचे आहे का? त्याच्याबरोबर काम करणारी थोडी मोठी मुलगी, उन-सुक, त्याला उत्तर देते. सेनानींनी सत्तेसाठी बंड केले आहे. बंडखोरांचे सैन्य म्हणजे राष्ट्र नव्हे. संवाद चार-सहा ओळींत आटोपतो. मुलाचे समाधान मात्र होत नाही. ग्वांग्जूच्या न्यायाचा पुढील चाळीस वर्षांचा सारा पेच या संवादात आलेला आहे आणि कादंबरीच्या रूपबंधाचे मर्मही तेथेच सापडते.

ऑक्टोबर १९७९ मध्ये अध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. १२ डिसेंबरला जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करावर कब्जा मिळवला. १७ मे १९८० रोजी लष्करी कायदा देशभर लागू करून त्यांनी सत्ताही हाती घेतली. दुसऱ्याच दिवशी ग्वांग्जूमध्ये निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. २१ मेला प्रांतिक कार्यालयासमोरच्या गर्दीवर गोळीबार झाला. सैन्य शहराबाहेर हटले, काही दिवस शहर नागरिकांच्या हाती राहिले आणि २७ मेच्या पहाटे ते पुन्हा जिंकून घेण्यात आले. मृतांचा सरकारी आकडा दोनशेच्या आतच राहिला; मृतांच्या कुटुंबीयांना तो कधीही पटला नाही.

उन-सुकचे उत्तर हा दीर्घकाळ गुन्हाच होता. चुन यांच्या राजवटीत ग्वांग्जू हे 'दंगली'चे नाव होते. लोकशाही आल्यानंतरही, १९९५ मध्ये, सरकारी वकिलांनी खटला भरण्याचे नाकारले, आणि त्यांची मीमांसा राज्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावी अशी आहे. यशस्वी झालेल्या बंडाला शिक्षा देता येत नाही, असे तिचे सार होते. यश हेच बंडाला कायद्याचे रूप देते. ज्या व्यवस्थेचा जन्म बंडातून झाला तिने आपल्या जन्मदात्यावर खटला कसा भरायचा? युक्तिवाद निर्लज्ज असला तरी तो निर्बुद्ध नव्हता. जनक्षोभामुळे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विशेष कायदा झाला. १९९६ मध्ये चुन यांना देहदंड सुनावण्यात आला, अपिलात त्याची जन्मठेप झाली आणि एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते माफी मिळवून घरी परतले.

शिक्षा फोल ठरली, हे सर्वश्रुत आहे. परंतु निकाल पूर्णपणे अंमलात आला असता तरी दोंग-होच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते काय, याचा विचार क्वचितच होतो. न्यायालयाने जे मान्य केले ते मूलतः उन-सुकचेच म्हणणे होते: सेनानी हे बंडखोर होते, राष्ट्र निर्दोष होते, किंबहुना राष्ट्रच पीडित होते. दोषारोपांतील एका कलमाचे नावच 'उठावाच्या हेतूने केलेला खून' असे होते. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर या वाक्यात मृत तृतीयेत येतात. उठाव ज्याच्या योगे घडला ते साधन, एवढेच त्यांचे स्थान. प्रथमेतला कर्ता तर अनेक ठिकाणी गायबच आहे. २१ मेच्या गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मारली गेली: कर्मणी प्रयोगाची ही सोय सत्तेला नेहमीच मानवते.

हान कांग मृतांना संबोधनात आणतात. पहिले प्रकरण दोंग-होला उद्देशून द्वितीय पुरुषी लिहिलेले आहे. दुसऱ्यात त्याच्या मृत मित्राचा आत्मा त्याच्याशी बोलतो, सहाव्यात त्याची आई. हे संबोधन कोणते, हा प्रश्न मराठी वाचकाने विशेषेकरून विचारायला हवा, कारण कादंबरी त्याच्यापर्यंत बहुधा डेबोरा स्मिथ यांच्या 'ह्युमन ॲक्ट्स' या इंग्रजी अनुवादातून आलेली असते. इंग्रजीत द्वितीय पुरुषाला एकच सर्वनाम आहे. कोरियनमध्ये दोंग-होसाठी 'नो' हे जवळिकीचे सर्वनाम येते, तर पाचव्या प्रकरणातील सोन-जू या कामगार स्त्रीसाठी अंतर राखणारे 'तांग्शिन'. एकाला तू आणि दुसरीला तुम्ही. हा भेद अलंकारिक नाही. सोन-जूकडे एक संशोधक टेपरेकॉर्डर पाठवून साक्ष मागतो. कोठडीत तिच्या देहावर जे अत्याचार झाले ते तिने बोलून दाखवावेत अशी त्याची अपेक्षा असते, आणि त्याचा हेतू वाईट नसतो. तिला ते बोलता येत नाही. तिच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलणारे निवेदन तिच्या मौनात घुसत नाही, उंबऱ्याबाहेर थांबते. साक्षीवाचून खटला उभा राहत नाही, हे खरेच. पण साक्ष देण्याची सक्ती ही पीडितावर दुसऱ्यांदा लादलेली चौकशी ठरू शकते, हे या सर्वनामातून जेवढे प्रत्ययाला येते तेवढे स्पष्टीकरणाने आले नसते. इंग्रजीत ते पुष्कळसे पुसले जाते. मराठीत ते टिकवता येईल, कारण मराठीतही 'तू' हा शब्द लेकराला, आईला, देवाला आणि विलापात मृताला लावला जातो.

उन-सुकचे पुढे काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. तिसऱ्या प्रकरणात ती एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचे काम करते आणि पोलीस चौकशीत सात थपडा खाते. ज्या राष्ट्राला तिने मुलासमोर निर्दोष ठरवले होते त्याच राष्ट्राचा एक साधा नोकर तिच्या गालावर हात उगारतो. तिने संपादित केलेल्या नाटकाच्या संहितेतील ओळी अभ्यवेक्षक काळ्या करतात. प्रयोगात नट नुसते ओठ हलवतात, शब्द उमटत नाहीत. तिला ते शब्द पाठ असतात. आपले पहिले उत्तर चुकले असे ती कोठेही म्हणत नाही, आणि लेखिकाही तिच्याकडून ते म्हणवून घेत नाही. हा संयम या कृतीचे मोठे बळ आहे.

उपसंहाराविषयी मात्र एवढे समाधान वाटत नाही. लेखिकासदृश निवेदिका तेथे आपले शोधकार्य, आपली स्वप्ने, आपले हादरणे सांगू लागते, आणि सहा प्रकरणे ज्याच्याभोवती फिरली तो मुलगा काही काळ तिच्या अंतर्यामीच्या संघर्षाचे निमित्त बनतो. तृतीया येथेही डोकावते. तरीही एक प्रसंग या भागाला सावरतो. मुलाचा भाऊ निवेदिकेला लिहिण्याची परवानगी देतो ती एका अटीवर: माझ्या भावाची विटंबना पुन्हा कोणालाही करता येणार नाही, असे लिहा.

कादंबरीनंतर तीन वर्षांनी चुन यांची आत्मकथा प्रसिद्ध झाली. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाल्याची साक्ष देणाऱ्या एका दिवंगत धर्मगुरूला त्यांनी तीत खोटारडा म्हटले, सैतानाची उपमा दिली. मृताची बदनामी हा कोरियन कायद्यात गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्वांग्जूच्या न्यायालयाने हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाल्याचे मान्य करून चुन यांना दोषी ठरवले. शिक्षा आठ महिन्यांची, तीही स्थगित. हत्येच्या मानाने ही शिक्षा हास्यास्पद म्हणावी लागेल. परंतु १९९७ च्या महान निकालाला जे जमले नव्हते ते या किरकोळ खटल्यात घडले. येथे फिर्यादीचा विषय राज्य नव्हते, राज्यघटना नव्हती. एका नावाच्या एका मृत माणसाशी झालेला अन्याय होता, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एक संहिता होती. भावाने कादंबरीकाराकडे जे मागितले होते ते येथे न्यायालयाकडे मागण्यात आले.

अपील चालू असतानाच २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, कोणतीही क्षमा न मागता, चुन वारले आणि खटला निकालात निघाला. कादंबरीच्या मूळ शीर्षकातले क्रियापद वर्तमानकाळी आहे: मुलगा येतो आहे. सहाव्या प्रकरणात म्हातारी आई रस्त्यात दिसलेल्या एका शाळकरी पोराच्या मागे चालू लागते. तो दोंग-हो नाही हे तिला ठाऊक असते. तरी ती चालत राहते, आणि त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडी 'तू' असते.